वाचकांचे प्रश्न : .३१५ बोअरची रायफल, तिची घडण, तिचे लाकूड आणि तिचा परवाना

देशी बनावटीच्या .३१५ बोअरच्या (म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या) स्पोर्टिंग रायफलीविषयी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत, कारण कोणाच्या घरात शस्त्र आहे हे गावाला कळवणे योग्य नाही.

प्रश्न : माझ्याकडे ईशापूर कारखान्याची .३१५ रायफल आहे. पोलीस ठाण्याच्या दारात उभ्या असलेल्या शिपायाच्या खांद्यावर आम्ही वर्षानुवर्षे पाहिलेली .३०३ आणि ही रायफल जवळजवळ सारख्याच दिसतात. ही तीच रायफल आहे का? असेल, तर नागरिकाला .३०३ का मिळत नाही? (भुसावळ)

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. दोन्हींचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा, आणि ज्या पोलादी चौकटीत तो सरकतो ती चौकट एकाच घराण्यातली आहे. या घडणीचे मूळ जेम्स पॅरिस ली यांच्या रचनेत आहे. ब्रिटिश सैन्याने ती १८८८ मध्ये ली-मेटफर्ड या रायफलीत स्वीकारली, १८९५ मध्ये नळीतील चरे बदलून ली-एनफिल्ड आली, आणि १९०७ मध्ये ‘शॉर्ट ली-एनफिल्ड मार्क ३’ हे तिचे सर्वांत गाजलेले रूप तयार झाले. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात हीच रायफल बनू लागली आणि स्वातंत्र्यानंतरही बनत राहिली. १९६० च्या दशकात तेथे याच घडणीची, परंतु अधिक दाब सोसणाऱ्या पोलादाची ७.६२ मिलिमीटरची रायफल लष्करासाठी तयार झाली. पोलिसांकडे पूर्वी असलेल्या .४१० च्या एकबारी मस्केटीही याच घराण्यातल्या होत्या, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

नागरिकांच्या रायफलीचे काडतूस मात्र वेगळे आहे. सैन्यात चालणारे काडतूस सामान्य माणसाच्या बंदुकीत बसता कामा नये, म्हणजे लष्कराच्या कोठारातून चोरलेला माल बाहेर निरुपयोगी ठरेल, असे वसाहतीच्या सरकारचे धोरण होते. त्यामुळे .३०३ नागरिकांसाठी बंद राहिले आणि त्याच्या जागी मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे, सुमारे १८९० सालचे, ८ मिलिमीटर व्यासाचे आणि ५० मिलिमीटर लांब पुंगळीचे (पितळी कोशाचे) काडतूस येथे रूढ झाले. इंग्लंडच्या बी.एस.ए. कंपनीने त्या बोअरच्या शिकारी रायफली हिंदुस्थानात विकल्या आणि पुढे आपल्या सरकारी कारखान्यांनी तीच वाट धरली. .३०३ आजही निषिद्ध बोअरमध्येच मोडते. एका साम्राज्याच्या लष्करी रायफलीत दुसऱ्या साम्राज्याचे काडतूस, असा हा मेळ आहे, आणि माझ्या मते तो चांगला जमलेला आहे, कारण हे काडतूस मवाळ आहे आणि ली यांच्या घडणीला ते सहज पेलते.

‘सहज पेलते’ असे म्हणण्यामागे कारण आहे. जर्मन माउझर रायफलीत बोल्टला अडवणारे खुंट पुढे, काडतुसाच्या अगदी मागे असतात. ली यांच्या बोल्टमध्ये ते मागच्या बाजूला आहेत. त्यामुळे बोल्ट उचलण्याचा आणि ओढण्याचा पल्ला कमी राहतो आणि हात झपाट्याने चालतो. परंतु बार उडताना संपूर्ण बोल्टवर दाब येऊन तो किंचित लवचिकपणे दबतो आणि पुंगळी थोडी ताणली जाते. मध्यम दाबाच्या काडतुसात हा दोष नगण्य असतो. ज्यांना या रायफलीची नळी बदलून अधिक जोरकस काडतूस वापरण्याचा मोह होतो त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. परवान्याशिवाय असे रूपांतर करणे हा शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहेच, शिवाय घडणीच्या दृष्टीनेही ते चूक आहे. तसेच एका रायफलीचा बोल्ट दुसरीत बसवू नये. तो सरकतो, बंद होतो आणि बसला असे वाटते. पण बोल्टचे डोके आणि काडतुसाचा बूड यांमधील अंतर प्रत्येक रायफलीत जुळवून घेतलेले असते. म्हणून बोल्टवरचा क्रमांक आणि चौकटीवरचा क्रमांक एकच आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे.

प्रश्न : नेमबाजीच्या मैदानावर जानेवारीत माझ्या रायफलीचा नेम उत्तम बसला होता. मे महिन्यात त्याच रायफलीच्या, त्याच पेटीतील काडतुसांच्या गोळ्या वर आणि डावीकडे जाऊ लागल्या, आणि श्रावणात त्या पुन्हा सरकल्या. दुकानदार म्हणतात की नळी झिजली आहे. नवी नळी घ्यावी का? (जळगाव)

उत्तर : नळीवर इतक्या लवकर ठपका ठेवू नये. झिजलेली नळी गोळ्या विखुरते. ऋतूप्रमाणे एका बाजूला नेऊन पुन्हा परत आणत नाही. आपण सांगितलेली लक्षणे लाकडाची आहेत, आणि आपल्या भागात या रायफलीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ लाकडातच सापडते, असे माझे ठाम मत आहे.

जळगाव-भुसावळचा मे महिना आपल्याला माहीत आहे. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, हवेत ओल म्हणून उरत नाही आणि घरातल्या दारांच्या फळ्यांनासुद्धा भेगा पडतात. पुढे दोन महिन्यांत तीच दारे फुगून चौकटीत अडकू लागतात. रायफलीच्या दस्त्याचेही असेच होते. ली-एनफिल्ड घराण्याच्या रायफलीत दस्ता एकसंध नसून दोन तुकड्यांचा असतो. खांद्याचा भाग वेगळा आणि नळीखालचा भाग वेगळा. बार उडाल्यावर मागे येणारा धक्का नळीखालच्या लाकडाच्या मागच्या टोकाशी असलेल्या दोन लहान पृष्ठभागांवर पडतो. उन्हाळ्यात लाकूड आकसले की तेथे केसभर फट पडते, प्रत्येक बाराला पोलादी चौकट त्या फटीत मागे-पुढे सरकते आणि नळी दर वेळी थोड्या वेगळ्या जागी स्थिरावते. पावसाळ्यात लाकूड फुगले की तेच लाकूड नळीला एका अंगाने रेटते. गोळीची दिशा बदलायला एवढे पुरते. ही फट दुर्लक्षित राहिली तर लाकडाचे मागचे टोक चिरते, आणि मग खर्च खरोखरच वाढतो.

उपाय असा. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, चापाच्या कडीपुढचा मुख्य स्क्रू सैल झाला आहे का ते पाहावे. सैल असेल तर बरोबर बसणाऱ्या पेचकसाने आवळावा, पण अंगातला सगळा जोर लावू नये, कारण अति आवळल्याने लाकूड दबते आणि पुढच्या उन्हाळ्यात फट आणखी मोठी होते. खांद्याचा दस्ता हलत असेल तर तो चौकटीला जखडणारा आतला लांब बोल्ट (हा वरचा सरकता बोल्ट नव्हे) लगेच पिळायला घेऊ नये. या घराण्याच्या मूळ लष्करी रायफलीत त्या बोल्टचे टोक पुढच्या लाकडात अडकलेले असते, म्हणून आधी पुढचे लाकूड उतरवावे लागते. तसे न केल्यामुळे चांगली लाकडे चिरलेली मी पाहिली आहेत. हे काम जाणत्या, परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून करून घेणे उत्तम.

लाकडाला तेल मात्र आपणच पाजावे. लष्करात या दस्त्यांना कच्चे जवसाचे तेल लावण्याची पद्धत होती आणि जवस तर आपल्या रानात पिकतो. थोडे तेल तळहातावर घेऊन, ऊब येईपर्यंत चोळून लावावे, रात्रभर राहू द्यावे आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी आणि मृग लागण्यापूर्वी हे करावे. लाकडाच्या आतल्या अंगालाही, म्हणजे नळी जेथे विसावते तेथेही, पातळ हात द्यावा. वरून चकचकीत व्हार्निश लावून आतले लाकूड कोरडे ठेवल्यास ओल आतूनच शिरते. हे सर्व झाल्यावर १०० मीटरवर आधार घेऊन पाच गोळ्या सावकाश झाडाव्यात, प्रत्येक बारानंतर नळी निवू द्यावी आणि तेल पुसलेल्या नळीतून जाणारी पहिली गोळी हिशेबात धरू नये. उघड्या साइटवर पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या तर रायफल निरोगी आहे असे समजावे, आणि नव्या नळीचा विचार सोडून द्यावा.

प्रश्न : केळीच्या बागेत रानडुकरे आणि रोही फार नुकसान करतात. माझ्याकडे .३१५ चा परवाना आहे. स्वतःच्याच शेतात ती चालवायला हरकत काय? (रावेर तालुका)

उत्तर : आपले नुकसान खरे आहे आणि त्याबद्दलचा संताप रास्त आहे, तरीही उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असेच द्यावे लागते. रायफलीचा परवाना म्हणजे वन्य प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ प्रमाणे पिकाला उपद्रव देणाऱ्या प्राण्याबाबतसुद्धा मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा, कारणे नमूद केलेला लेखी आदेश असावा लागतो. तो नसताना झाडलेली गोळी स्वतःच्या बांधाआत असली तरी गुन्हाच ठरते आणि मग शस्त्र परवानाही जातो. नुकसान झाले की ताबडतोब वन विभागाकडे अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा आणि भरपाई मागावी.

कायद्याइतकेच महत्त्वाचे दुसरे कारण आहे. या काडतुसाची गोळी सुमारे सोळा ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला साधारण सहाशे मीटर वेगाने निघते. केळीचे खोड म्हणजे पाण्याने भरलेले पापुद्रे; गोळीला ते अडवत नाही, फार तर तिची दिशा बदलते. तापीकाठचे रान सपाट आहे, गोळी थांबवायला टेकाड नाही, बागेत चार ओळींपलीकडचे दिसत नाही आणि रात्री पाण्याची पाळी धरायला शेजारच्या शेतात माणूस असतोच. चुकलेली गोळी दोन किलोमीटरपलीकडेही जीव घेऊ शकते. मागे मातीचा भरभक्कम बांध असल्याशिवाय ही रायफल कोठेही झाडू नये. म्हणूनच तिची खरी जागा नेमबाजीचे अधिकृत मैदान आहे. तेथेही सगळ्याच क्लबांची मैदाने या ताकदीच्या काडतुसासाठी बांधलेली नसतात, तेव्हा आधी विचारून जावे.

प्रश्न : लग्नाच्या मिरवणुकीत हवेत एक-दोन बार काढण्याची आमच्या घरी जुनी रीत आहे. (धुळे जिल्हा)

उत्तर : ती बंद करावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने आनंदोत्सवात गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि ती वऱ्हाडावर येते.

प्रश्न : वडील वारले. त्यांच्या नावावर एक .३१५ रायफल आणि एक बारा बोअरची बंदूक आहे. माझ्या स्वतःच्या परवान्यावर आधीच एक पिस्तूल आहे. वारसाहक्काने सर्व ठेवता येईल का? (शहादा)

उत्तर : सर्व ठेवता येणार नाही. पूर्वी एका व्यक्तीला तीन शस्त्रे ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा दोनवर आणली आणि वारशाने येणारी शस्त्रेही त्यात धरली जातात. आपल्याला दोन निवडून तिसऱ्याची विल्हेवाट परवानाधारक विक्रेत्यामार्फत लावावी लागेल, किंवा पात्र असलेल्या दुसऱ्या वारसाने त्यासाठी वेगळा अर्ज करावा. मात्र त्याआधी एक काम तातडीचे आहे. वडिलांच्या निधनानंतर त्यांचा परवाना आपल्याला लागू होत नाही, म्हणून दोन्ही शस्त्रे काडतुसांसह जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. दुःखाच्या दिवसांत हे राहून जाते आणि पुढे तेच अंगाशी येते. त्यानंतर शस्त्र नियम, २०१६ मधील वारसांसंबंधीच्या तरतुदीखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनाही हे सांगावेसे वाटते, की परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगून झाले, की यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, तो आपल्या हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतो.

प्रश्न : घरात खडकी कारखान्याची जुनी काडतुसे आहेत. ती वापरावीत का? आणि साफसफाई नेमकी कशी करावी? (अमळनेर)

उत्तर : प्रथम ती कोठे ठेवली होती हे आठवून पाहावे. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर अनेक उन्हाळे काढलेल्या काडतुसांतली दारू बिघडलेली असू शकते. मे महिन्यात बंद मोटारीत तापलेले काडतूसही नेहमीपेक्षा जास्त दाब निर्माण करते. मातीच्या धाब्याच्या घरातली आतली, थंड आणि कोरडी खोली, तिच्यातले कुलूपबंद लोखंडी कपाट, आणि रायफल व काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत, ही व्यवस्था चांगली. पितळेवर हिरवट थर, भेग किंवा सैल गोळी दिसली तर ते काडतूस वापरू नये. चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा. दारू उशिरा पेट घेऊ शकते. या काडतुसांच्या बुडाला कडा असते, म्हणून मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे राहील असे पाहावे, नाहीतर बोल्ट ढकलताना दोन्ही अडकतात.

जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे बारानंतर नळीत क्षार उरतो. तो हवेतली ओल ओढून घेतो आणि पावसाळ्यात एका रात्रीत नळी गंजू लागते. असा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. त्यामुळे नुसते तेल ओढून नळी चकचकीत दिसली तरी तेलाखाली गंज चालूच राहतो. घरी परतल्यावर त्याच संध्याकाळी बोल्ट काढावा, मागच्या बाजूने लांब नळीच्या नरसाळ्यातून उकळते पाणी नळीत ओतावे आणि ते लाकडात झिरपणार नाही याची काळजी घ्यावी. पोलाद तापल्यामुळे नळी लवकर सुकते; मग कोरड्या चिंध्या ओढाव्यात आणि शेवटी तेलाचा पातळ हात द्यावा. बोल्टचे तोंडही त्याच पाण्याने पुसावे, कारण क्षार तेथेही बसतो. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी पुन्हा एकदा ओढून पाहावी आणि तिच्यावर तांबूस डाग आला, तर सर्व प्रक्रिया पहिल्यापासून करावी.