सगळ्या गाण्यांना एकच म्युझिक? सीडी खराब नाहीये!

प्रश्न: दादाच्या जुन्या सीड्यांमध्ये 'दिवाली' नावाची जमैकन सीडी सापडली. सणाची गाणी असतील म्हणून लावली (हसू नका), तर पहिल्यापासून शेवटपर्यंत मागे तेच टाळ्यांचं म्युझिक, फक्त गायक बदलतात. कॉपी करताना घोळ झालाय का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: हसलो, सॉरी! पण घोळ अजिबात नाही, तो अल्बम असाच असतो. मागे जे वाजतंय त्याला तिकडे रिडिम म्हणतात, आणि हा दिवाली रिडिम स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेन या जमैकन प्रोड्यूसरचा. नाव आपल्या सणाचंच, जमैकात 1845 पासून भारतीय मजूर नेले गेले, त्यामुळे दिवाळी तिथे अगदीच परकी नाही. ग्रीनस्लीव्हज या रेकॉर्ड कंपनीचा हा अल्बम 2002 चा.

पद्धत अशी, की प्रोड्यूसर आधी ठेका बनवतो, मग एकेक गायक येऊन त्यावर स्वतःचे शब्द आणि स्वतःची चाल टाकतो. आपल्याकडे एकाच चालीवर दहा आरत्या म्हणतो ना, तिथे उलटं, खालचं सगळं सेम आणि वरची चाल ज्याची त्याची. एका म्युझिकवर बरीच गाणी निघाली की खर्चही वाचतो, ते आहेच. ही आयडिया जुनी आहे, रुपी एडवर्ड्स या जमैकन प्रोड्यूसरने 1974 मध्येच एका रिडिमवर आख्खा अल्बम काढला होता. आणि 1985 चा स्लेंग टेंग नावाचा रिडिम तर साध्या कॅसिओ कीबोर्डमधल्या तयार ठेक्यातून आला, त्यावर किती गाणी झाली मोजता मोजता दमाल.

दिवालीवर शॉन पॉलचं 'गेट बिझी' आहे, 2003 मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलेलं, ते नक्की ऐकलं असणार, कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही त्यावर कायच्या काय नाचलोय. वेन वंडरचं 'नो लेटिंग गो' त्याच टाळ्यांवर, पण एकदम लाडीगोडीचं. आणि बाउंटी किलरचं 'सफरर' ऐका, गरिबीचं रडगाणं, आणि खाली तोच नाचायचा ठेका! मला तर तेच सगळ्यात भारी वाटतं.

सलग ऐकू नका पण, डोकं उठेल. तिकडे नाचाच्या पार्टीत सिलेक्टर, म्हणजे गाणी लावणारा, एकातून दुसऱ्यात अशी गाणी फिरवतो की ठेका तुटतच नाही, नाचणारा थांबत नाही. सोफ्यावर बसून ते कसं कळणार. आधी फक्त ही तीन गाणी पाठोपाठ लावा, मोबाइलवर मिळतील, मग सीडीकडे या. आणि दादाला विचारल्याशिवाय भंगारात देऊ नका हां.