केबीसीतली रडारड, ब्रिटनची किटली आणि आपली पैठणी

प्रश्न असा, की ‘कौन बनेगा करोडपती’ म्हणजे केबीसी ज्यावरून घेतलं, त्या ब्रिटनच्या मूळ ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’ कार्यक्रमात स्पर्धक येतो, खेळतो, जातो. मग आपल्या केबीसीतच प्रत्येकाच्या घरची कर्मकहाणी कशाला? बरेच जण ‘टीआरपी’ (प्रेक्षक खेचायची चढाओढ) म्हणून विषय मिटवतात. टीआरपी आहेच, तो कुठे नसतो? पण एवढ्यावर उत्तर संपत नाही.

असा फॉरमॅट, म्हणजे कार्यक्रमाचा तयार साचा, विकत घेतला की सेट, दिवे, संगीत, लाइफलाइन, सगळं सोबत येतं. खुर्चीत बसणारा माणूस तेवढा ज्या त्या देशाचा असतो. ब्रिटनमध्ये १९९८ साली आयटीव्ही वाहिनीवर हा खेळ सुरू झाला, तेव्हा सूत्रसंचालक ख्रिस टॅरंट चेक लिहून स्पर्धकाला दाखवायचा आणि ‘हा तुम्हाला द्यायचाच नाहीये आम्हाला’ अशा थाटात परत काढून घ्यायचा. पुढचा प्रश्न खेळायला लावण्याची ती चेष्टा होती आणि ती खपायची.

आता २०१९ चं केबीसी आठवा. अंजनगाव सुर्जीच्या बबिताताई ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या, महिना १५०० रुपयांवर. बक्षिसाचं काय करणार विचारल्यावर त्यांना हवा होता एक मोबाइल! १ कोटी म्हणजे त्यांचा साडेपाचशे वर्षांचा पगार. त्यांच्या हातून कुणी चेक गमतीत ओढून घेतला असता तर लोकांनी टीव्हीवर चपला भिरकावल्या असत्या. अमिताभ उठून खुर्ची सरकवून देतात, ‘आप’ म्हणतात, रडणाऱ्याला टिश्यू देतात, ते त्यामुळे. माणूस तिथवर कसा पोचला हे कळल्याशिवाय आपल्याकडे त्या रकमेचा अर्थच लागत नाही.

हां, सुरुवातीला हे इतकं नव्हतं. २००० साली स्टार प्लसवर आपला हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला, तेव्हा यूपीएससीची तयारी करणारा हुशार मुलगा एवढी ओळख पुरली होती. २०१० मध्ये कार्यक्रम सोनीवर गेला आणि गावाकडच्या चित्रफिती, मागे व्हायोलिन हा मसाला वाढत गेला असं माझं मत. आता तो जास्तच होतो, हेही मान्य.

कराचंही बघा. ब्रिटनमध्ये अशा बक्षिसावर आयकर नाही. आपल्याकडे सरळ ३० टक्के, तोही हातात पैसे पडायच्या आधीच कापून. अमेरिकेत गाडी जिंकली तरी तिच्या किमतीवर कर भरायचा, रोख हातात नसली तरी. (तिथला पहिला मिलियनेअर जॉन कार्पेंटर स्वतःच करखात्यात नोकरीला! शेवटच्या प्रश्नाला त्याने वडिलांना फोन लावला तो मदतीसाठी नाही, ‘मी जिंकतोय’ हे सांगायला.)

पण पैसा हेच बक्षीस, असं तरी कुठे आहे? ब्रिटनच्या चॅनल ४ वर १९८२ पासून ‘काउंटडाउन’ चालू आहे, मूळ फ्रेंच खेळावरून घेतलेला. नऊ अक्षरांतून लांबात लांब शब्द काढा, सहा आकड्यांतून सांगितलेली संख्या जुळवा, घड्याळ ३० सेकंदांचं. त्यात जिंकल्यावर मिळते चहाची किटली. रोख काही नाही, आणि त्या किटलीसाठी भलेभले झगडतात. आपल्याकडे तो मान पैठणीचा. ‘होम मिनिस्टर’मध्ये खेळ काय असायचे, तर फुगे फोडा नाहीतर चेंडू टाका. त्याला कौशल्य कशाला लागतंय? लोक बघायचे ते घर, सासूसुनेची जुगलबंदी, नवऱ्याची उडालेली भंबेरी, उखाणा. आदेश बांदेकर सूत्रसंचालक कमी आणि भावोजीच जास्त. असा घरी येणारा भावोजी लंडनच्या स्टुडिओत कुठून आणणार? पुढे २०२२ मध्ये ‘महामिनिस्टर’ करून ११ लाखांची पैठणी ठेवली, तेव्हा बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. मलाही नाही. एवढी महाग पैठणी नेसून जायचं कुठे?

जपानचं वेगळंच. ‘ताकेशीज कासल’ या अडथळ्यांच्या खेळात शंभरेक माणसं चिखलात आपटायची आणि मोजकीच शेवटपर्यंत टिकायची. भारतात पोगो वाहिनीवर जावेद जाफरीने त्याला हिंदी समालोचन दिलं, अमेरिकेत तर स्पर्धकांना नवी नावं देऊन संवादच नव्याने रचले. चित्रण तेच जपानी, विनोद ज्याचे त्याचे.

कहाणी नकोच असेल तर बीबीसीचं ‘मास्टरमाइंड’ बघा. काळी खुर्ची, तोंडावर दिवा. नाव, व्यवसाय आणि निवडलेला विषय विचारतात आणि लगेच प्रश्न सुरू. जिंकणाऱ्याला काचेचा वाडगा.