वाचकांचे प्रश्न: ऊर्जा नष्टच होत नाही, मग वाचवायची कशाला?

यावेळी आलेल्या पत्रांत चार-पाच प्रश्न एकाच विषयाभोवती फिरणारे निघाले, म्हणून एकत्रच घेतलेत.

प्रश्न: शाळेत शिकवतात की ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही होत नाही. मग "ऊर्जा वाचवा" असे बोर्ड का लावतात? जी संपतच नाही ती वाचवायची काय?

उत्तर: शाळेत हा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा गप्प बसवतात, पण प्रश्न एकदम बरोबर आहे. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम फक्त एकूण बेरजेबद्दल बोलतो, ती ऊर्जा कुठल्या रूपात आहे आणि तिचा काही उपयोग होईल का याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. पेट्रोल जाळलं की त्यातली साधारण पाव भाग ऊर्जाच चाकांपर्यंत पोचते, बाकीची इंजिनच्या आणि धुराच्या उष्णतेत जाते, आणि जी पोचली तीसुद्धा टायर, ब्रेक, ढवळलेली हवा असं करत करत गाडी थांबेपर्यंत उष्णताच झालेली असते. बेरीज केली तर एक ज्यूलसुद्धा कमी भरणार नाही, पण ती सगळी आजूबाजूच्या हवेत पसरली, आणि पसरलेली उष्णता गोळा करून परत गाडी चालवता येत नाही, कारण उष्णतेतून काम काढायला तापमानात फरक लागतो. हे थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम सांगतो, ज्यासाठी जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियसने १८६५ मध्ये एन्ट्रॉपी (ऊर्जा किती विखुरली याचं माप) ही राशी आणली. तर बोर्डवाल्यांना म्हणायचं असतं की कामाची ऊर्जा वाचवा, एकूण ऊर्जा वाचवायला कुणाची गरजच नाही.

प्रश्न: पाण्यावर चालणाऱ्या गाडीचे व्हिडिओ खरे असतात का?

उत्तर: नाही. पाणी म्हणजे आधीच जळून झालेला हायड्रोजन. ते फोडायला जेवढी ऊर्जा घालाल, त्याहून जास्त परत जाळून मिळणार नाही, प्रत्यक्षात कमीच मिळते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच ठरवलं होतं की आपोआप कायम चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे बघायचेच नाहीत, आणि तेव्हा तर ऊर्जा अक्षय्यतेचा नियम नीट मांडायलाही साठ-सत्तर वर्षं बाकी होती!

प्रश्न: द्रव्य नष्ट होत नाही हा नियम केमिस्ट्रीत ठीक आहे, पण पर्यावरणाशी त्याचा काय संबंध?

उत्तर: माझ्या मते पर्यावरणाचा अर्धा विचार याच नियमातून निघतो. एक लिटर पेट्रोलचं वजन साडेसातशे ग्रॅमच्या आसपास, त्यात साडेसहाशेच्या आतबाहेर कार्बन. जळताना प्रत्येक १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन पकडतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे एका लिटरमागे सव्वादोन-अडीच किलो कार्बन डायऑक्साइड, शिवाय किलोभराच्या जवळपास पाण्याची वाफ. टाकी रिकामी झाली म्हणून आपल्याला वाटतं संपलं, प्रत्यक्षात टाकीत होतं त्याच्या चौपट वजन हवेत गेलेलं असतं.

आता याच नियमाने काय पकडता येतं ते बघा. १९७१-७२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉकने जहाजावरून ब्रिटनपासून अंटार्क्टिकापर्यंत हवा तपासली, तर फ्रिज आणि स्प्रेमधला सीएफसी वायू सगळीकडे सापडला, आणि हिशोब केला तर आजवर बनवलेला जवळपास सगळाच अजून हवेत होता. बाकीच्यांनी म्हटलं बरं, असू दे, निरुपद्रवी वायू आहे. शेरवूड रोलंड आणि मारिओ मोलिना या रसायनशास्त्रज्ञांनी मात्र विचारलं, पुढे याचं होतं काय? पावसात विरघळत नाही, खालच्या हवेत कशाशी रिअॅक्ट होत नाही, म्हणजे तो वर वर जाणार, तिथे अतिनील किरणांनी फुटणार, क्लोरीन सुटणार आणि तो ओझोन खाणार. हे त्यांनी १९७४ मध्ये छापलं, तेव्हा ओझोनचं छिद्र कुणी बघितलेलंही नव्हतं. ते १९८५ मध्ये जाहीर झालं आणि १९८७ मध्ये सीएफसीला आळा घालणारा मॉन्ट्रियल करार. सुरुवात झाली ती "गेलं कुठे?" एवढ्या प्रश्नाने.

प्रश्न: पण वैज्ञानिक सिद्धांत तर बदलत राहतात. उद्या हे अक्षय्यतेचे नियम किंवा क्लायमेटचा सिद्धांतच चुकीचा निघाला तर?

उत्तर: निघू शकतो, आणि तसे प्रसंग आलेत. किरणोत्सारी पदार्थाच्या बीटा क्षयात (अणूच्या केंद्रातून इलेक्ट्रॉन फेकला जातो तो प्रकार) बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजली तर प्रत्येक वेळी वेगळी यायची आणि उरलेली कुठे गेली ते कळायचं नाही. अणूची रचना मांडणारा नील्स बोरसारखा माणूस म्हणायला तयार झाला की अणूच्या पातळीवर ऊर्जा फक्त सरासरीनेच टिकत असेल. भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने १९३० मध्ये उलटं केलं, नियम ठेवला आणि एक न दिसणारा कण मांडला. पळवाटच वाटते ना? पण त्या कणाने काय काय करायला हवं हे ठरलेलं होतं म्हणून तो शोधता येत होता, आणि १९५६ मध्ये रेनेस आणि कोवन यांना अणुभट्टीजवळ तोच कण, म्हणजे न्यूट्रिनो, सापडला. (रेनेसला नोबेल १९९५ मध्ये मिळालं, त्याच वर्षी केमिस्ट्रीचं रोलंड-मोलिना आणि क्रुटझेन यांना!) आणि त्याच सुमारास पॅरिटी म्हणजे आरशातल्या प्रतिमेची सममिती (आरशात दिसेल तशी उलटी घटनाही निसर्गात तशीच घडते हे गृहीतक), जी सगळे पक्की धरून चालले होते, ती भौतिकशास्त्रज्ञ वू यांच्या कोबाल्ट-६० च्या प्रयोगात सरळ मोडली. म्हणजे कुठला नियम टिकतो आणि कुठला पडतो हे प्रयोगच ठरवतो.

क्लायमेटलाही हेच लावा. हिशोबाच्या वहीसारखं बघितलं तर जाळलेल्या कोळसा-तेलाचा कार्बन एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला हवेतला कार्बन डायऑक्साइड, जो दहा लाखात साधारण २८० भाग होता तो आता ४२० च्या वर गेलाय. यात जाळलेल्यापैकी निम्म्याच्या आसपासच दिसतो, बाकीचा समुद्र आणि झाडं-माती यांनी घेतलाय. हा जाळण्यातूनच आलाय हे कशावरून, तर हवेतला ऑक्सिजनही किंचित घटतोय, आणि कोळसा-तेलात कार्बन-१४ (हळूहळू क्षय पावणारा किरणोत्सारी कार्बन) उरलेला नसल्याने हवेतलं त्याचं प्रमाण पातळ होतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या मोजमापांतून एकच उत्तर आलं की "नुसती थिअरी आहे" म्हणणाऱ्याने यातली कुठली नोंद चुकली ते दाखवायला हवं. खरी अनिश्चितता वेगळीकडे आहे, ढगांचं वागणं वगैरे, म्हणूनच कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल याचं उत्तर आयपीसीसी (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची तज्ज्ञ समिती) २.५ ते ४ अंश असं पट्ट्यात देते.

प्रश्न: आइनस्टाइनने तर वस्तुमानाची ऊर्जा होते म्हटलंय, मग द्रव्याचा नियम खोटाच ना?

उत्तर: काटेकोर बोलायचं तर हो. पण एक लिटर पेट्रोल जळताना वस्तुमानात पडणारा फरक अर्ध्या मायक्रोग्रॅमहून कमी भरतो, वर काढलेल्या सव्वादोन-अडीच किलोच्या हिशोबात तो कुठल्या काट्यावर दिसायचाच नाही.