सीईटी तोंडावर आणि पोरगा दार लावून बसलाय

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला. जेईई मेनचा स्कोअर कमी आला तेव्हापासून गप्पच असतो, आता एमएचटी-सीईटी आलीय आणि त्याचे बाबा रोज शेजारच्या मुलाशी तुलना करतात. मी काय करू? – एक आई, नाशिक

उत्तर: ताई, आधी ती तुलना बंद करायला लावा, अगदी कळकळीने सांगतेय. सीईटी वेगळी परीक्षा आहे, निगेटिव्ह मार्किंग नाही, २०० पैकी १०० मार्क एकट्या मॅथ्सचे आणि बराचसा पेपर बारावीवरच, म्हणजे बोर्डाचा केलेला अभ्यास वाया जात नाही, हे त्याला शांतपणे सांगा. कॉलेजं त्यालाच निवडू द्या. माझ्या लेकीच्या वेळी आम्ही नावं चिठ्ठ्यांवर लिहून जेवणाच्या टेबलावर पसरली, मागच्या वर्षीचे कटऑफ शेजारी पेन्सिलने, आणि ती तासभर चिठ्ठ्या वरखाली करत बसली, मी नुसता चहा दिला. कॅपच्या, म्हणजे सीईटीनंतरच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फॉर्ममध्ये पसंतीचा क्रम फार महत्त्वाचा, त्यामुळे हवंय ते वर, घाबरून सोपं आधी नको. आणि डोमिसाईल, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, कास्ट व्हॅलिडिटी या दाखल्यांना वेळ लागतो, तर बाबांना आजच त्या कामाला लावा.