केमोआधी मुलाबाळांचा विषय कसा काढावा

कॅन्सर ओपीडीत नव्याने रुजू झाली आहेस, तर हे आधी ध्यानात ठेव: केमोने पुढे मूल होणं अवघड होऊ शकतं, म्हणून हा विषय तूच काढायचा. डॉक्टर बोलतील, पेशंट विचारेल, अशी वाट बघता बघता केमोची तारीख उजाडते.

पुरुषाचं सोपं आहे. दोन-तीन दिवसांच्या अंतराने वीर्याचे दोन-तीन नमुने गोठवायचे, वेळ नसेल तर एकसुद्धा चालतो, पण केमोच्या पहिल्या सलाइनआधीच. स्त्रीबीजं गोठवायला इंजेक्शनांचे साधारण 10 ते 14 दिवस लागतात. त्यासाठी पाळीची वाट बघावी लागत नाही, कोणत्याही दिवशी सुरू करता येतं. हे ठाऊक नसल्याने बायकांचे तीन-तीन आठवडे फुकट जातात. स्तनाचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असेल तर सोबत लेट्रोझोल ही गोळी देतात, त्याने इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन आटोक्यात राहतं. वयात न आलेल्या मुलीसाठी अंडाशयाचा तुकडा गोठवणं हाच मार्ग.

बोलताना सासू, नवरा, आई यांना जरा बाहेर बसव. आपल्या गोव्यात पेशंट एकटा क्वचितच येतो, आणि चारजणांत मान फक्त खाली जाते. कोकणी बोलणारी असेल तर कोकणीतच विचार. ‘प्रजननक्षमता’ कुणाला कळत नाही, ‘फुडें भुरगीं’ म्हटलं की लगेच कळतं. अविवाहित आहे किंवा एक मूल आहे म्हणून गाळू नकोस.

पाळी परत आली म्हणजे बीजं शाबूत, असं कधी सांगू नकोस. उलट पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात, म्हणून केमोत गर्भनिरोधन हवंच. खर्च आधीच सांग. नकार दिला तरी केसपेपरवर तारखेसह लिही.