विसरलेले गणित आणि कधीच न समजलेले गणित

तुमच्या प्रश्नाचा आशय मी असा समजतो: चाळिशीनंतर संख्याशास्त्राचा एक अभ्यासक्रम करायचा म्हणून तुम्ही शाळेचे गणित पुन्हा हाती घेतले, पाचवीच्या पुस्तकापासून क्रमाने दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा बीजगणितापाशी गाडी अडकली, आणि आता वयामुळे हे जमत नसावे अशी शंका तुम्हाला येते आहे. वयाच्या मुद्द्यावर मी फार वेळ घालवणार नाही. माझ्या मते तुमची अडचण वेगळीच आहे, आणि वयाच्या चर्चेत ती झाकली जाते.

'मी शाळेचे सगळे विसरलो' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. काही भाग एके काळी खरोखर समजलेला असतो आणि वापराअभावी विस्मरणात गेलेला असतो. काही भाग मात्र कधीच समजलेला नसतो, परीक्षेपुरता घोकलेला असतो. पहिल्याला उजळणी पुरते. दुसऱ्याची कितीही उजळणी केली तरी हाती काही लागत नाही, कारण उजळणी करायला मुळात तेथे काही नसते.

पहिल्या प्रकाराबाबत निर्धास्त राहा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ केल्या, विसरू दिल्या आणि पुन्हा पाठ केल्या. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, सुमारे महिनाभरानंतरही दुसऱ्यांदा पाठ करताना पहिल्या वेळच्या तुलनेत जवळजवळ एकपंचमांश श्रम वाचत होते. अर्थहीन अक्षरांची ही गत असेल, तर समजून घेतलेल्या गोष्टीला पुन्हा धार लावणे अवघड नसावे. १९९१ साली हॅरी बाह्रिक आणि लिंडा हॉल या मानसशास्त्रज्ञांनी प्रौढांना शाळेतले बीजगणित कितपत आठवते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शाळेनंतर वरच्या पातळीचे गणित शिकलेल्यांचे बीजगणित तब्बल ५० वर्षे टिकून असल्याचे दिसले, तर तिथेच थांबलेल्यांचे ते कालांतराने जवळपास नाहीसे झाले होते. ज्ञान किती काळ टिकले यावर शाळेतल्या गुणांचा प्रभाव फारसा पडलेला दिसला नाही. तेव्हा जुने प्रगतिपुस्तक मनातून काढून टाकावे.

दुसरा प्रकार ओळखणे जास्त अवघड आहे. माझेच उदाहरण देतो. शाळेत असताना चार अंकी लॉगॅरिदमचे कोष्टक मी वर्गात सर्वांत झपाट्याने वाचत असे. ओळ, स्तंभ, शेवटी मध्यफरकाची भर, सारे बिनचूक. पुढे अनेक वर्षांनी तो विषय पुन्हा काढला तेव्हा मला कळले की आपण नेमके काय वाचत होतो याचा आपल्याला पत्ताच नव्हता. दोनचा कितवा घात केला म्हणजे आठ येतात, तर तिसरा, म्हणून दोन या पायावर आठचा लॉगॅरिदम तीन, इतकी साधी गोष्ट मला त्या वेळी कोणी सांगितली नसेल किंवा सांगितलेली माझ्या डोक्यावरून गेली असेल. ते मी विसरलो असे म्हणण्यात अर्थ नव्हता, ते नव्यानेच शिकायचे होते.

आता तुमच्या बीजगणिताकडे येऊ. बीजगणितापाशी थांबलेली गाडी पुष्कळदा मागेच, अपूर्णांकांत रुतलेली असते. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश ही बेरीज कागदावर करून पाहा. अंशांची आणि छेदांची वेगवेगळी बेरीज करून दोन पंचमांश असे उत्तर लिहिणारी, एरवी अतिशय हुशार अशी प्रौढ माणसे मी पाहिली आहेत. दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहूनही कमी. अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी उरले, हे कसे, एवढे विचारल्याबरोबर ज्याचा चेहरा उजळतो आणि जो आपणहून छेद समान करायला घेतो, तो केवळ विसरलेला असतो. जो 'हो, लसावि काढायचा असतो, नाही का' म्हणून पाच षष्ठांश हे बरोबर उत्तर लिहितो, पण लसावि कशासाठी काढायचा हे सांगू शकत नाही, त्याला ते कधी समजलेलेच नसते, आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दोन पंचमांश लिहितो. अशा वेळी एक पट्टी काढून तिचे सहा समान भाग करावेत. अर्धा म्हणजे त्यातले तीन, तृतीयांश म्हणजे दोन. निरनिराळ्या आकारांचे तुकडे एकत्र मोजता येत नाहीत, म्हणून आधी ते एकाच आकाराचे करायचे. ही पट्टी ज्याने स्वतःच्या हाताने काढली आहे त्याला छेदात क्ष आला तरी धडकी भरत नाही.

म्हणूनच पाचवीपासून ओळीने पुस्तके वाचण्याचा मार्ग मला पटत नाही. त्यात जे येते त्यावर वेळ जातो, आणि जे येत नाही तिथे पोहोचेपर्यंत उत्साह संपलेला असतो. उलट्या दिशेने या. संख्याशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमातले एखादे गणित घ्या आणि ते सोडवताना पेन कुठे थांबते ते पाहा. उदाहरणार्थ २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या आठ संख्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे संख्या सरासरीपासून साधारण किती दूर पसरल्या आहेत याचे माप, काढा. बेरीज ४०, म्हणून सरासरी ५. प्रत्येक संख्येचा सरासरीपासूनचा फरक घेतला तर काही फरक ऋण येतात, काही धन, आणि त्यांची बेरीज शून्य होते. म्हणून त्यांचे वर्ग करायचे. वर्गांची बेरीज ३२, आठने भागून ४, आणि वर्गमूळ २. एवढ्याशा आकडेमोडीत ऋण संख्या, वर्ग, भागाकार आणि वर्गमूळ यांची परीक्षा होते. ऋण तीनचा वर्ग ऋण नऊ लिहिलात तर नेमके ऋण संख्यांचे प्रकरण उघडा, आणि तेवढेच. तुमच्या उद्दिष्टासाठी अपूर्णांक, ऋण संख्या, घातांक, एका चलाची समीकरणे आणि आलेखावरची सरळ रेषा इतके पक्के असले म्हणजे सुरुवात करता येते. भूमितीतली प्रमेये सुंदर आहेत, पण तूर्त ती बाजूला ठेवायला हरकत नाही.

अभ्यास कसा करावा याविषयी एकच आग्रह धरतो: पुस्तक मिटून करावा. मी स्वतः गणित पुन्हा हाती घेतले तेव्हा पहिले दोन महिने रंगीत पेनांनी देखण्या टिपणवह्या भरण्यात घालवले आणि कोऱ्या कागदासमोर बसल्यावर त्यातले निम्मेही उतरेना. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असेच काहीसे दिसले होते. एखादा उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी तो जास्त आठवत होता. मात्र आठवड्याने पाहिले तेव्हा, वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीच्या वाटण्यालाच आपण येणे समजतो. सोडवलेले उदाहरण झाकून ठेवा, स्वतः सोडवा, अडलात तर एकच ओळ उघडून पाहा. तेच उदाहरण दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा करा, आणि एका बैठकीत एकाच प्रकारची वीस गणिते करण्याऐवजी दोन-तीन प्रकार मिसळा, म्हणजे कोणती रीत लावायची हे ठरवण्याचाही सराव होईल.

गणिताबरोबर विज्ञानही काढणार असल्याचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, म्हणून थोडे विषयांतर. गणितातले जुने पुस्तक चालते, विज्ञानातले जपून वापरावे. २००६ पासून प्लूटोची गणना ग्रहांत होत नाही, आणि २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून नव्हे तर प्लांकचा स्थिरांक या भौतिकशास्त्रातल्या एका ठरलेल्या राशीवरून केली जाते. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू अशी जी आकृती आपल्यापैकी अनेकांनी वहीत काढली ती तर चूकच होती. अशा ठिकाणी तुम्ही विसरलात हे एका परीने बरेच झाले.

किती दिवस लागतील याचे उत्तर वरच्या आठ संख्यांच्या गणितात तुम्ही कुठे अडता यावर अवलंबून आहे. मदत न घेता ते सोडवा, खाडाखोड तशीच राहू द्या, आणि पेन जिथे थांबले ती ओळ इथे लिहून कळवा. कोणते प्रकरण उघडायचे ते त्यावरून सांगता येईल.