रॅफल्सचा चहा आणि पॉलिसीतले ‘फुकटचे’ वीस हजार

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आहे. लग्नाला २० वर्षं झाली म्हणून नवरा-बायको आणि १४ वर्षांची मुलगी पाच आठवड्यांनी सिंगापूरला निघालेत. पाच दिवसांच्या ट्रिपचे ३ लाख एफडीतून भरून झाले आहेत. ताईंना तिथल्या रॅफल्स हॉटेलात दुपारचा चहा घ्यायचाय आणि त्यांनी काढलेल्या अंदाजाप्रमाणे तो माणशी १०० सिंगापूर डॉलरच्या घरात जातो. त्या लिहितात, ‘हे म्हणतात चहाला एवढे पैसे घालवायचे म्हणजे डोकं फिरलंय. पण नव्या पॉलिसीचे २० हजार पुढच्या महिन्यात लगेच खात्यात येतायत, म्हणजे चहा आम्हाला फुकटच पडतो. जावं का?’ सोबत पगार, कर्ज, शिल्लक असे सगळे आकडे न लपवता दिलेत. त्यामुळेच हे उत्तर लांबणार आहे.

ताई, आधी चहा उरकून घेऊ.

सिंगापूरच्या मेन्यूकार्डावर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली की समजायचं, १० टक्के सर्व्हिस चार्ज वेगळा आणि त्या सगळ्यावर ९ टक्के जीएसटी आणखी वेगळा. १००चे १२० होतात. तिघांचे ३६० डॉलर. सिंगापूरचा डॉलर ७० रुपयांना धरा, २५ हजार झाले. साध्या क्रेडिट कार्डाने भरलेत तर परकीय चलनाचा आकार आणि त्यावरचा कर मिळून आणखी हजारभर. मशीनवर ‘रुपयांत भरणार की डॉलरमध्ये’ असं विचारलं तर डॉलरच निवडा, रुपयांचा दर दुकानदाराच्या सोयीचा असतो. एकूण २६ हजार. म्हणजे तुमचे ते २० हजार पुरतच नाहीत, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट, तुम्ही दोघं अंडं खात नाही असं लिहिलंय. तिथल्या तीन मजली तबकात सँडविच, स्कोन आणि वर केक-पेस्ट्री असतात. सांगितलं नाही तर त्यातलं निम्मं तुमच्या कामाचं नाही. बुकिंग करतानाच ‘शाकाहारी, अंड्याशिवाय’ असं ईमेलवर लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर बेत रद्द करा. (स्वस्तातला पर्याय म्हणून कुणी काया टोस्ट सुचवेल. सहा-सात डॉलरांत कॉफीसकट मिळतो, पण त्या नारळाच्या जॅममध्येही अंडंच असतं.)

उत्तर होकारार्थी आलं तर खुशाल जा. १८८७ सालचं हॉटेल आहे, आर्मेनियन सार्कीज बंधूंनी काढलेलं, आणि १९८७ पासून सिंगापूरचं राष्ट्रीय स्मारक. बाहेरच्या दमट उकाड्यातून आत येऊन दोन तास निवांत बसायला मिळतं आणि पोट इतकं भरतं की रात्रीचं जेवण वाचतं. ३ लाखांच्या सहलीत २६ हजारांनी कुणी भिकेला लागत नाही. पैसे या आणि पुढच्या पगारातून बाजूला काढा. फक्त ‘फुकट’ म्हणू नका.

आता ती पॉलिसी. तुम्ही एका ओळीत उरकलीत, पण खरा प्रश्न तिथे आहे.

बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजर मॅडमनी ‘एफडीसारखंच आहे, उलट जास्त’ असं सांगितलं, म्हणून तुम्ही २ लाखांची एफडी मोडून त्यात घातली. वर्षाला २ लाख, १० वर्षं. दर वर्षी २० हजार परत, २० वर्षं. विसाव्या वर्षाअखेर ३६ लाख. ‘पहिल्याच महिन्यात १० टक्के मिळतात, एफडीत कुठे?’ असं तुम्ही विचारलंय. अहो, २ लाख दिल्यावर महिन्याभरात त्यातलेच २० हजार हातावर ठेवले, याला परतावा म्हणत नाहीत. तुम्ही १ लाख ८० हजार भरलेत, एवढाच त्याचा अर्थ. दहा वर्षं वर्षाला १.८ लाख द्यायचे, पुढची दहा वर्षं वर्षाला २० हजार घ्यायचे आणि शेवटी ३६ लाख. मांडून बघितलं, वर्षाला ढोबळ ५ टक्के पडतात. भरलेल्या २० लाखांचे ‘४० लाख मिळणार, दुप्पट’ हे वाक्य खोटं नाही (दरवर्षीचे मिळून ४ आणि शेवटचे ३६). फक्त दुप्पट व्हायला किती वर्षं, हे त्यात नाही.

करमुक्त आहे ना, असं मॅडम म्हणाल्या असतील. असेल. पीपीएफसुद्धा करमुक्त आहे, त्यावर ७.१ टक्के मिळतात आणि मधल्या वर्षी हात आखडला तर किमान ५०० रुपयांवर भागतं. इथे दुसऱ्या वर्षाचा हप्ता चुकला तर घातलेल्यातलं बरंचसं विसरायचं.

तुमच्या घराच्या कर्जाचे २४ लाख बाकी आहेत, साडेआठ टक्क्यांनी, हप्ता ३१ हजार. साडेआठ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून पाच टक्के मिळवायला वीस वर्षांची बांधिलकी घ्यायची! हेच वर्षाचे २ लाख कर्जात टाकलेत तर साडेनऊ वर्षांचं कर्ज पाचेक वर्षांत फिटतं आणि व्याजाचे ५ लाखांच्या आसपास वाचतात. यात बाजार नाही, जोखीम नाही.

विम्याचं म्हणाल तर यजमान ४४ वर्षांचे, पगार ८५ हजार, आणि या पॉलिसीत विमा २० लाखांचा. घराचं कर्जसुद्धा त्यातून फिटत नाही. कंपनीचा ग्रुप विमा नोकरी आहे तोवरच. त्यांच्या नावावर १ कोटीचा साधा टर्म विमा हवा. तब्येत ठीक असेल, तंबाखू नसेल, तर साठीपर्यंतच्या संरक्षणाला वर्षाला २५-३० हजार धरून चला. त्यात शेवटी काहीच परत मिळत नाही, म्हणून तो कुणी आग्रहाने विकत नाही.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. एफडी ६ लाखांच्या होत्या. ३ ट्रिपला गेले, २ पॉलिसीत. उरला १ लाख. उद्या यजमानांचा पगार थांबला तर हप्ता आणि घरखर्च धरून दीड महिना निघेल, फार तर. वर पुढच्या वर्षी याच तारखेला आणखी २ लाख तयार हवेत.

सुदैवाने पॉलिसीचं बाड तुमच्या हातात गेल्या सोमवारी आलंय. ते मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते, कारण पटो न पटो. यालाच फ्री-लुक मुदत म्हणतात. थोड्या दिवसांच्या विम्याचा खर्च, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर ती आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी हप्ता परत मिळतो. पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी, म्हणजे यजमानांनी, थेट विमा कंपनीच्या ईमेलवर लिहायचं: पॉलिसी क्रमांक, बाड मिळाल्याची तारीख, फ्री-लुक मुदतीत रद्द करतोय, रद्द केलेल्या चेकची प्रत सोबत. पोच क्रमांक आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. बाडाच्या पाकिटावरचा कुरिअरचा शिक्का फेकू नका, तारखेवरून वाद झाला तर तोच कामाला येतो. टाळाटाळ झाली तर विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा, त्यापुढे विमा लोकपाल आहेत.

परत आलेले पैसे मुकाट्याने एफडीत. कर्जात आत्ताच टाकू नका, आधी गंगाजळी ४ लाखांपर्यंत न्या. टर्म विम्याचा अर्ज मात्र याच आठवड्यात भरा. आणि टूर कंपनीने कापलेला टीसीएस (परदेशी सहलीवर आगाऊ घेतलेला कर) बुडाला असं तुम्ही लिहिलंय, तो बुडत नाही. ज्यांच्या पॅनवर कापलाय त्यांनी रिटर्न भरताना तो करातून वळता करून घ्यायचा.

ईमेल गेल्यावर मॅडमचा फोन येईल. आधी नुकसान होईल म्हणतील, मग ‘ट्रिपहून या, मग निवांत बसून बघू’ म्हणतील. तुमचं विमान पाच आठवड्यांनी आहे, मुदत त्याच्या आधी संपते.